मोहनसाठी निवडलेलं विमान

चाळीत काही लपत नाही, असं म्हणतात. कुणाच्या घरी आज सुकट भाजली, कुणाची सून माहेरी जाऊन बसली, सगळं भिंतीपलीकडे कळतं. तरी माझी एक गोष्ट चार वर्षं लपून राहिली आहे. बायकोलाही ठाऊक नाही. ती मला सरळ माणूस समजते, आणि शेजारचे साटम तर तिच्याहून जास्त. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही—आणि ओळखत असाल तर हे वाचल्यावर ओळख दाखवणार नाही. दोन्ही चालेल.

म्हटलं तर गोष्ट एवढीशी आहे. एका माणसाला आयुष्यातलं पहिलं मॉडेल विमान जोडायचं होतं. कुठलं घ्यावं ते मी ठरवलं. बस. यात कसला आलाय गुन्हा?—हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे, आणि दर वेळी उत्तर यायच्या आत उठून गॅलरीत गेलो आहे.

मी लालबागला राहतो, जिथे जन्मलो त्याच खोलीत. विमा कंपनीत कारकुनी केली, निवृत्त झालो. आणि तीस वर्षं मी विमानांची मॉडेलं जोडतो आहे. खोक्यातून प्लास्टिकचे तुकडे येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. शेवटी पंजाएवढं विमान तयार होतं, अगदी खऱ्याची प्रत. पोटमाळ्यावर काचेच्या कपाटात ती ओळीने उभी आहेत. सुरुवातीला चाळ हसली. सुध्या अजून खेळतो म्हणाले. मग हळूहळू घरी पाहुणे आले की त्यांना माझं कपाट दाखवायला घेऊन येऊ लागले.

शेजारच्या खोलीत मोहन साटम. वय माझंच. शाळा एक, बाक एक. तो इलेक्ट्रिशियन होता, पण चाळीत त्याची ओळख वेगळी. चाळीच्या गणपतीचं मखर मोहन करायचा. थर्माकोल होता तेव्हा थर्माकोलचं, तो बंद झाल्यावर पुठ्ठ्याचं. आधी कागदावर काढणं नाही, पट्टी नाही. नजरेने माप घ्यायचा आणि कटर फिरवायचा, की कमान निघायची. एक नियम मात्र कडक—गणपतीच्या आत जे झालं नाही, ते झालंच नाही. अर्धवट काम तो देवासमोर ठेवायचा नाही. फोडून टाकायचा आणि पुन्हा नाव काढायचा नाही.

आणि मी काय करायचो? कडा घासायचो. हातात पॉलिश पेपर घेऊन त्याच्या कमानींच्या कडा घासायच्या, हे माझं काम. वर्षानुवर्षं. लोक दर्शनाला यायचे, हात जोडायचे, आणि मूर्तीच्याही आधी मखराकडे बघून म्हणायचे, मोहनच्या हातात जादू आहे. मीही म्हणायचो. सगळ्यांत मोठ्याने मीच म्हणायचो.

म्हणून विमानं माझी होती—समजतंय ना? तिथे मोहन नव्हता.

चार वर्षांपूर्वी होळी झाली आणि त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू. बोलणं आठवड्यात परत आलं, पाय काठीच्या आधाराने चालायला लागला, हात तेवढा मागे राहिला. व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची. तिने मोहनच्या मुलीला, अस्मिताला, माझ्यासमोर बजावून सांगितलं—हेच महिने मोलाचे. उजव्या हाताला रोज काम द्या, बारीक काम द्या. डाव्याने भागवू देऊ नका, नाहीतर हा हात कायमचा रुसून बसेल. मी तिथेच खुर्चीवर होतो. प्रत्येक शब्द ऐकला. हे मुद्दाम लिहितो, म्हणजे पुढे मला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नको.

आठवड्याभराने अस्मिता आमच्या दारात आली. तिची आई वारलेली. नोकरी आणि बाप दोन्ही ती एकटी सांभाळत होती.

"काका, बाबांना तुमच्यासारखं विमान करायचंय. स्वतःहून बोलले. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा कायतरी मागितलंय त्यांनी. पहिलं कुठलं आणू?"

मी म्हटलं, तू कशाला जातेस, मीच आणतो.

आता पहिलं विमान कुठलं घ्यावं, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. कितीतरी जणांना सांगितलं आहे. पंखांचा एकच थर असलेलं, एका इंजिनाचं. तुकडे थोडे आणि मोठे, एकमेकांत अलगद बसणारे. साचा नवा हवा. जुन्या साच्याचे तुकडे वाकडे येतात, फटी राहतात. रंग एक, फार तर दोन. आणि मुख्य म्हणजे आठ-पंधरा दिवसांत पुरं होणारं, कारण पहिलं पुरं झालं तरच माणूस दुसरं आणतो. पहिल्यातच हरला तर त्याला वाटतं, हे आपलं काम नाही.

दादरच्या दुकानात मी अगदी असंच एक हातात घेतलं. खोकं उघडून पाहिलं. सुंदर होतं. मोहनच्या अर्ध्या हातालाही जमलं असतं.

आणि मी ते परत ठेवलं.

ठेवलं, आणि खालच्या फळीवरचं दुसरं उचललं. जुन्या काळातलं, दोन पंखांचं—एक पंख खाली, एक वर, आणि मध्ये आगकाडीहून बारीक आठ काड्या. त्या आठही काड्या एकाच वेळी सरळ उभ्या राहिल्या तरच वरचा पंख बसतो. शिवाय त्यांच्यामधून दोऱ्याच्या तारा ओवायच्या. साचाही जुना. या जातीचं पहिलं विमान मी करायला घेतलं तेव्हा मी या छंदात चांगला मुरलेला होतो, माझे दोन्ही हात धड होते, आणि तरी ते मी अर्ध्यावर मोडून कचऱ्यात टाकलं होतं. ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

दुकानदाराने विचारलंही. "काका, नवीन माणसासाठी नाय ना? नवीन असेल तर हे देऊ नका हां."

"नवीन नाही," मी म्हटलं. "हात बसलेला आहे त्याचा."

मला मोहन हरायला हवा होता का? नाही. म्हणजे—हो. मी तुमच्याशी तरी का खोटं बोलू? मला भीती वाटत होती. मला दिसत होतं की मोहन विमान करणार, पंगू हाताने करणार, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं होणार. मग लोक माझ्या कपाटासमोर उभे राहून काय म्हणणार? त्या एका कपाटापुरता मी चाळीत कुणीतरी होतो. तेवढंही त्याने घ्यावं, हे मला सहन झालं नाही. आणि त्याने तर काही घेतलंही नव्हतं.

खोकं बघून तो लहान पोरासारखा हसला. "दोन मजली आणलंस होय रे मेल्या," म्हणाला. म्हणाला, गणपतीच्या आत करून दाखवतो. मी हसलो.

पुढचे दोन-तीन महिने मी भिंतीला कान लावून काढले, असं म्हटलं तरी चालेल. दुपारी चाळ जरा निवते, तेव्हा पलीकडचं सगळं ऐकू यायचं. त्याला हाताच्या व्यायामाला रबरी चेंडू दिला होता. आधी तो दाबायचा. चेंडू हातातून सुटला की फरशीवर टप. मग खुर्ची ओढल्याचा आवाज, की समजायचं, विमानाला बसला. मग बराच वेळ काही नाही. त्या शांततेत मी माझ्या हातातलं काम सोडून बसायचो. आणि मग काहीतरी पडायचं, आणि मोहन खोल श्वास सोडायचा. मी कशाची वाट बघत होतो? मला तेव्हाही ठाऊक होतं.

अधूनमधून मी बघायला जायचो. अस्मिता थर्मासमध्ये चहा ठेवून गेलेली असायची. विमानाचं धड त्याने असं जोडलं होतं की सांधा बोटाला लागत नव्हता. मला तसा सांधा आजही जमत नाही. आणि आणखी एक पाहिलं. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट आता चिमट्यासारखं जुळत होतं. मे महिन्यात जुळत नव्हतं. हात परत येत होता. त्याला ते दिसत नव्हतं, कारण तो पंखाकडे बघत होता. अस्मिता दिवसभर कामावर. पाहिलं ते फक्त मी. आणि मी चहा पिऊन घरी आलो.

वरचा पंख बसेना. एकदा पडला, दोनदा पडला. काड्या तुटल्या, त्या त्याने उदबत्तीच्या काडीच्या करून लावल्या. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. गणपतीला आठ दिवस उरले, तेव्हा रविवारी सकाळी त्याने मला हाक मारली. टेबलावर विमान होतं, वरचा पंख बाजूला. अस्मिता मंडईत गेली होती. खाली पटांगणात मंडपाचे बांबू टाकत होते.

"सुध्या, खरं सांग. तुझ्याशिवाय कुणाला विचारू? विमान अवघड आहे, की माझा हातच गेलाय?"

दुकानातली निवड मी एखाद वेळी पचवली असती. माणूस चुकतो, मत्सर होतो, हात दुसऱ्या खोक्याकडे जातो. पण इथे तो समोर बसून विचारत होता. माझ्याकडे एक वाक्य होतं. मेल्या, हे मलाही जमलं नव्हतं. पाच शब्द. तो हसला असता, मला दोन शिव्या घातल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन ते सोपं विमान आणलं असतं. इतकं जवळ होतं ते.

मी म्हणालो, "विमान सोपं आहे रे. नवीन लोकांसाठीचंच आहे."

त्याने बाजूला ठेवलेल्या पंखाकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. उगाच आशा धरून बसलो असतो." डाव्या हाताने त्याने उजवा हात टेबलावरून उचलला आणि मांडीवर ठेवला. परक्याची वस्तू बाजूला ठेवावी तसा. मग डाव्या हातानेच ते विमान खोक्यात भरलं आणि अस्मिता आली तेव्हा तिला कचऱ्यात टाकायला दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चेंडू पडला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

व्यायामाच्या मुलीला त्याने चार दिवसांनी हात जोडून निरोप दिला. अस्मिता भांडली, रडली. मला बोलावलं समजूत घालायला. मी गेलो. मोहन तिला म्हणाला, "अगं, हात गेलाय. सुध्याने बघितलंय. त्याला यातलं कळतं." तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तिला वाटलं, काकांनाही वाईट वाटतंय, म्हणून बोलवत नाही.

त्या वर्षीचं मखर मी केलं. मोहननेच मंडळाला सांगितलं, यापुढे सुध्या करेल. बरं झालं होतं, फार नाही. लोकांनी कौतुक केलं, आणि मला आनंद झाला. हेही लिहून ठेवतो, कारण हे सगळ्यांत लाजिरवाणं आहे—मला खरोखर आनंद झाला.

मी सांगायचं ठरवलं नाही असं नाही. दर रविवारी ठरवायचो. दिवाळीपर्यंत वेळ होता, मग संक्रांतीपर्यंत वाटला. मग डॉक्टर म्हणाले, आता या हातात फारसं काही व्हायचं नाही. त्यानंतर सांगून काय करणार होतो? त्याचा हात वाचला असता, की नसता? डॉक्टरांना विचारता येईल. चार वर्षांत मी विचारलेलं नाही.

आता तो हात मिटला आहे. वापरला नाही तर असं होतं म्हणे, बोटं आत आत वळत जातात आणि मूठ घट्ट बसते. नखं वाढली की तळव्यात रुततात. एकदा आत जखम झाली होती, वास यायला लागला तेव्हा कळलं. तेव्हापासून दर रविवारी अंघोळीनंतर मूठ उघडून धुवावी लागते, नखं कापावी लागतात. अस्मिताने उघडायचा प्रयत्न केला की मोहनला दुखतं, तो हात आखडून घेतो. म्हणून ती मला हाक मारते.

"काका, तुमच्याकडेच हात ढिला सोडतात ते," ती म्हणते. "दुसऱ्या कुणाला लावूच देत नाहीत."

मी त्याच्यासमोर स्टुलावर बसतो. तो आपणहून हात पुढे करतो, माझ्या मांडीवर ठेवतो. मी करंगळीपासून सुरुवात करतो. एकेक बोट सोडवायला वेळ लागतो. त्याला दुखतं, ते चेहऱ्यावर दिसतं, पण हात मागे घेत नाही. सगळ्यात शेवटी अंगठा आणि पहिलं बोट. मग अस्मिता नेलकटर घेऊन येते, आणि ती पाचही नखं कापेपर्यंत मी तो तळवा उघडा धरून ठेवतो.