चारा पाईपलाईनमध्ये हाय

नेकनूरच्या अलीकडच्या आमच्या गावात ज्ञानोबा दूध संस्थेचे सेक्रेटरी होते. एकदा सहकाराच्या शिबिराला पुण्याला गेले आणि येताना गावासाठी एक इंग्रजी शब्द घेऊन आले: पाईपलाईन. दुसरं काही आणल्याचं कुणाला आठवत नाही.

ते दुष्काळाचं साल होतं. संस्थेनं सभासदांना चारा द्यायचं कबूल केलं होतं. गुरं राखणारा सटवा विचारायला गेला, तर ज्ञानोबा खुर्चीतून न हलता म्हणाले, "चारा पाईपलाईनमध्ये हाय."

सटवा विचारात पडला. "नळातून कावून आणता, भाऊ? भिजल की समदा."

ज्ञानोबा लई हसले. "आरं, म्हंजे काम चालू हाय. येतोय."

मग त्या शब्दाला उसंतच मिळेना. टँकर आला नाही, पाईपलाईनमध्ये. गुरांचा डॉक्टर आला नाही, तोही तिथंच. ज्ञानोबांच्या थोरल्या पोराची सोयरीक जमेना, तीसुद्धा. शेवटी त्यांची बायको चतुराबाईच जेवायच्या वेळी सांगू लागली, "भाकर पाईपलाईनमधी हाय." म्हणजे सरपण कुणी आणलेलं नाही. एवढा नेमका अर्थ सेक्रेटरींना शिबिरातही कुणी सांगितला नसावा.

त्यातच भीमनगरातल्या पारूबाईची गाय बसली ती उठेना. पारूबाई संस्थेत आली. "भाऊ, गाय हातची चाललीय. चारा कधी?"

"बाई, तो पाई..."

"ऱ्हाऊ द्या," म्हणून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी संस्थेची वार्षिक सभा होती. पारूबाई आणि सटवानं सकाळीच वस्तीवरची चालती गुरं आणून संस्थेच्या दारात बांधली. जिल्ह्याहून साहेब आले, तर आत जायला वाट नाही. एका बैलानं तर त्यांच्या स्वागताची कमान खायला घेतली होती.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"सभासद हायेत, साहेब," पारूबाई म्हणाली. "दूध ह्येंचंच जातंय संस्थेत."

साहेब ज्ञानोबांकडे वळले. "चाऱ्याची मागणी वर पाठवली का?"

ज्ञानोबांच्या तोंडून सवयीनं निसटलं, "पाईपलाईनमध्ये आहे, साहेब."

साहेबांचं सगळं आयुष्य ऑफिसात गेलेलं. "म्हणजे लिहिलीच नाही!" ते म्हणाले, आणि तिथंच गुरांच्या गर्दीत उभं राहून ज्ञानोबांकडून मागणी लिहून घेतली.

त्याच आठवड्यात चाऱ्याचा ट्रक आला. नारळ अर्थातच ज्ञानोबांनी फोडला, 'अथक पाठपुरावा' या विषयावर भाषण केलं, आणि पुढच्या वर्षी ते संस्थेचे चेअरमन म्हणून बिनविरोध निवडून आले.

पारूबाई भाषणाला थांबली नाही. डोक्यावर भारा घेऊन घरी गेली आणि गाईच्या तोंडाशी एकेक पेंढी धरत बसली. चार दिवसांनी गाय उठली. दूध मात्र तिनं पुन्हा दिलं नाही, आणि पारूबाईनं तिला बाजारही दाखवला नाही.