हिवतापातली वार

बाळामागून पडलेली वार ट्रेमध्ये काळपट दिसत होती. सुनेला नवव्या महिन्यात हिवताप झाला होता. बाळ सुखरूप जन्मले, पण त्याच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताचा निकाल यायचा होता.

"वार पुरायला द्या ना, बाई," सासू म्हणाली.

"थांबा आजी, आधी तपासू द्या. तापाचे जंतू वारेतच अडकून राहतात," सिस्टर म्हणाली.

वारेच्या बाहेरच्या आवरणात पेशींमध्ये फटी नसतात, त्यामुळे जंतूंना पलीकडे बाळाकडे जायला वाट सहसा मिळत नाही. तरी एखादा जातो. त्या एकासाठीच आम्ही घरचे सगळे बाकावर निकालाची वाट पाहत होतो.

रक्त तपासणारा प्रयोगशाळेतून बाहेर आला. "बाळाच्या रक्तात काही नाही."

सिस्टरने वारेचा एक तुकडा तपासायला ठेवून बाकीची सासूच्या हाती दिली. सासूने वारेकडे पुन्हा पाहिले आणि आपल्या मुलाला म्हणाली, "गड्डा खोल खोदजो. कुत्र्यानं उकरलं नाही पाहिजे."