खुर्चीवर कोणी बसायचं नाही

अख्ख्या बहरीनमध्ये चित्रकलेवर अधिकारवाणीने बोलणारा एकच मराठी माणूस होता आणि तो पोटासाठी एक्स-रे काढायचा. माहूज भागातल्या आमच्या बिल्डिंगमधले, खालच्या मजल्यावरचे हे अंकल मूळ वसईचे. दिवसभर हॉस्पिटलात लोकांच्या छात्या तपासून घरी आले की ते एका जगप्रसिद्ध चित्रकाराच्या मागे लागत. त्याच्या रंगांचं जग कौतुक करतं. अंकलना ते वरवरचं वाटे. "रंग काय बघतो? आतलं हाड बघ. हाड इंग्लिश आहे," असं म्हणून ते माझ्या हातात व्हिक्टोरिया राणीच्या काळातली सहाशे पानी कादंबरी ठेवत. गरिबांविषयीची कणव, कष्टाची थोरवी, साध्या वस्तूतला जीव, हे सगळं चित्रकाराने असल्या कादंबऱ्यांतून घेतलं, हा त्यांचा सिद्धान्त. मी मीठ मागायला गेलो तरी तो ऐकूनच परत यायचो, आणि बरेचदा मिठाशिवाय.

त्यांचा हुकमी पुरावा म्हणजे खुर्ची. एक थोर इंग्रज कादंबरीकार वारला तेव्हा साप्ताहिकात त्याच्या रिकाम्या खुर्चीचं चित्र छापून आलं. ते चित्रकाराच्या मनात घर करून राहिलं, आणि पुढे त्याने स्वतःची खुर्ची रंगवली, तीही रिकामी. हे एकदा भरल्या सभेत सांगायचं, एवढीच अंकलची इच्छा होती. आमचं मराठी मंडळ दरवर्षी "पुढच्या वर्षी, इंशाल्ला" म्हणे. शेवटी ते रिटायर झाले, व्हिसा महिन्याभरात संपणार होता. तेव्हा ते कमिटीच्या बैठकीत जाऊन बसले आणि उठेचनात. अंताक्षरी आणि नाश्ता यांच्यामध्ये पंधरा मिनिटं मिळाली.

शुक्रवारी अदलियाच्या हॉलमध्ये त्यांनी घरची वेताची खुर्ची स्टेजच्या मधोमध ठेवली आणि ते हात धुवायला गेले. आता स्टेजवर मधोमध एकटी खुर्ची कुणाची, हे आपल्या कार्यकर्त्यांना सांगावं लागत नाही. त्यांनी तिच्यावर धुतलेला टॉवेल घातला, प्रमुख पाहुण्यांना बसवलं आणि गुच्छही देऊन टाकला. अंकल परतले. "साहेब, उठा. इथे बसायचा हक्क फक्त मेलेल्या माणसाला आहे." पाहुणे टॉवेलसकट उठले. हॉल हसून लोटपोट झाला, पण अंकल हटले नाहीत. पंधरा मिनिटांचा तास झाला, समोसे गार झाले. अध्यक्षांनी दोनदा "खलास?" विचारलं, "मफी खलास," अजून संपलं नाही, म्हणून हे पुढे चालू. शेवटी खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, "माणूस उठून जातो. त्याची बसायची सवय इथे राहते. चित्रकाराने तेवढंच काढलंय." कुणी हसलं नाही. मला गावाकडची वडिलांची खुर्ची आठवली.

वसईला परत जाताना ती वेताची खुर्ची त्यांनी मला दिली. "बसायला देतोय. रिकामी ठेवलीस तर याद राख, मी अजून मेलो नाही." रोज संध्याकाळी बसायचं ठरवून मी तिच्यापाशी जातो, पण तिथे मला अंकलच बसलेले दिसतात. मग मी खाली सतरंजीवर बसून ती सहाशे पानी कादंबरी उघडतो. दोनशेव्या पानापर्यंत आलोय, आणि पुरी करणारच. घरातलं मीठ मात्र आता मी संपू देत नाही.