थोरल्याचा ओठ

काचेच्या कारखान्यात त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. तो थोरला, आणि त्याच भट्टीवर त्याच्या जोडीला असलेला सख्खा भाऊ धाकटा. थोरल्यासारखा हात कारखान्यात दुसरा नव्हता. त्याने फुंकलेला दिव्याचा गोल उजेडात धरा, कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही. आणि त्याच्यासारखं तोंडही दुसरं नव्हतं. माणसाची दुखरी जागा हेरायची आणि जेवणाच्या सुट्टीत चारचौघांत तिच्यावर बोट ठेवायचं, यात त्याला फुंकण्याइतकीच गती. पॅकिंगमधला एक जण तोतरा होता, त्याची तो हुबेहूब नक्कल करी. सगळे हसत, कारण जो हसणार नाही त्याचा नंबर पुढचा.

वर्षातले थोडे दिवस मात्र कारखान्याची सुटका होई. उन्हाळा तापला, भट्टीची धग आणि कामाचा थकवा एकत्र आला, की थोरल्याच्या खालच्या ओठावर ताप फुटायचा. आधी कोपऱ्यात चुणचुण, मग पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा झुबका, मग खपली. हसायला गेलं की खपली तडकून रक्त यायचं. म्हणून त्या दिवसांत थोरला तोंड मिटून असे आणि जो काही राग साचेल तो धाकट्यावर काढी. धाकटा मुकाट ऐकून घेई. लहानपणापासून त्याला तीच सवय.

कारखान्यात आठवड्यातून एकदा डॉक्टरीणबाई येत. त्यांनी एकदा थोरल्याला खुर्चीत बसवून सुनावलं, "हे तुमच्या शरीरातून कायमचं जाणार नाही. पण आवरता येतं. चुणचुण सुरू झाली की त्याच दिवशी गोळी सुरू करायची, फोड यायची वाट बघायची नाही. उन्हात जाताना ओठाला मलम लावायचं. फोडाला हात लागला तर साबणाने धुवायचा, आणि तो हात डोळ्याला तर मुळीच लावायचा नाही. टॉवेल वेगळा, कप वेगळा. आणि तुमच्या तोंडातली नळी दुसऱ्याच्या तोंडात जाता कामा नये."

आता इथे खरी गोम होती. काचेचं काम जोडीचं. धाकटा लोखंडी नळीचं टोक भट्टीत बुडवून वितळलेल्या काचेचा गोळा उचलणार, पहिली फुंक तो मारणार, मग तीच नळी थोरल्याच्या ओठांत. गोल उतरला की नळी पुन्हा धाकट्याकडे. मध्ये पुसायला वेळ कुणाला?

"बाई," थोरला म्हणाला, "आमची नळी भट्टीत जाते. तिथे जंतू काय, जंतूचा बापही जगायचा नाही."

मागे उभे असलेले चार-पाच जण मान डोलावत होते. कारखान्यात सगळ्यांचीच तशी पक्की समजूत होती.

"जे टोक भट्टीत जातं तेच तोंडात घालता का तुम्ही?" बाईंनी विचारलं.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. थोरल्याला ते झोंबलं. पुढे बाईंच्या आग्रहावरून मालकाने प्रत्येकाला नळीच्या तोंडावर बसवून तिच्यातून फुंकायची पितळी टोपी करून दिली, ज्याची त्याची वेगळी. "बाईंनी अख्ख्या कारखान्याला टोप्या घातल्या," म्हणून थोरल्याने तेही हसण्यावारी नेलं. बाईंनी दिलेलं मलम त्याने घराच्या दाराच्या कुरकुरणाऱ्या बिजागरीला लावलं, आणि आता दार कसं मुकाट उघडतं हे सगळ्यांना रंगवून सांगितलं.

मग मालकाने नवी भट्टी घालायचं ठरवलं. तिच्यावर उस्ताद म्हणून धाकट्याला बसवायचं, हेही ठरलं. थोरल्याने सर्वांदेखत धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. पण ती थाप जरा जोरातच बसली. धाकटा जो गोळा उचलून देई तसा कुणाच्या बापाला जमत नव्हता. त्याच्याशिवाय आपण अर्धे, हे थोरल्याला पुरतं ठाऊक होतं. कबूल करण्यापेक्षा त्याने जीभ तोडून दिली असती.

त्याच आठवड्यात ओठ चुणचुणू लागला. बाईंनी दिलेल्या गोळ्या फळीवर होत्या, तिथेच राहिल्या. दोन दिवसांत फोड टरारून आले. धाकट्याने भावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि खिशातून आपली पितळी टोपी काढली.

"बघा रे बघा!" थोरला ओरडला. ओठ तडकला तरी ओरडला. "आईने एका ताटात जेवू घातलं, आणि आता साहेबांना भावाचं उष्टं चालत नाही! उस्ताद झाले ना!"

भट्टीवरचे सगळे वळून बघू लागले. धाकट्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तसं नाही रे, दादा," तो म्हणाला. त्याने टोपी खिशात टाकली आणि नळी तशीच ओठांना लावली. थोरल्याला त्या क्षणी आनंद झाला. स्वच्छ, निर्भेळ आनंद, बैलाने मान खाली घातल्यावर होतो तसा.

धाकट्याला हा आजार इतक्या वर्षांत, कसा कोण जाणे, कधी शिवलेला नव्हता, म्हणून तो त्याच्या अंगावर चांगलाच उमटला. ताप चढला, हिरड्या सुजल्या, ओठांपासून घशापर्यंत फोड. "पहिलटकरणीसारखा कण्हतोय," म्हणत थोरल्याने त्याला अंथरुणातून उठवून कामावर आणला, कारण माल अडला होता. भट्टीपुढे घाम डोळ्यांत उतरे. धाकटा ज्या टॉवेलने तोंड टिपी त्यानेच डोळे पुशी. आठवडाभरात उजवा डोळा लालबुंद झाला.

धाकट्याची बायको त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला निघाली, तर थोरला दारात आडवा. "डोळे आलेत नुसते. काय जीव चाललाय का त्याचा?"

"भाऊजी, त्यांना उजेड सहन होत नाही हो," ती म्हणाली.

"माझ्याकडे औषध आहे. घरचं असताना बाहेर कशाला पैसे ओता?"

थोरल्याला मागे कधीतरी डोळ्यांच्या खाजेसाठी थेंब मिळाले होते. त्यातली उरलेली बाटली त्याने आणली, भावाचं डोकं मांडीवर घेतलं आणि स्वतःच्या हाताने थेंब घातले. लाली झरझर उतरली. थोरल्याने कारखानाभर मिशीला पीळ दिला. आणि आत, त्या उतरलेल्या लालीखाली, डोळा खाल्ला जात होता.

शेवटी धुरकट दिसायला लागलं तेव्हा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी दिव्याने बराच वेळ बघितलं. बुबुळावर कायमचा पांढरा डाग पडला होता. "ओठावरचंच हे, डोळ्यात गेलंय. वेळेवर आला असतात तर वाचला असता. पण यावर लाली दाबणारे स्टिरॉइडचे थेंब घालणं म्हणजे आगीत तेल. कुणी घातले?"

"त्यानेच आणले कुठून तरी," थोरला पटकन म्हणाला. "ऐकतो का कुणाचं?"

धाकट्याच्या बायकोने तोंड उघडलं. धाकट्याने तिच्या मनगटावर हात ठेवून तिला अडवलं. हा भाऊपणा की किळस, हे थोरल्याला कळेना. किळस असती तर बरं, असं त्याला वाटून गेलं.

नवी भट्टी पेटली, तिच्यावर दुसराच उस्ताद बसला. धाकटा पॅकिंगमध्ये गेला, तोतऱ्याशेजारी, खोक्यांत पेंढा भरायला. थोरल्याला जो जोडीदार मिळे तो गोळा वाकडा उचले, नाहीतर कमी उचले. गोल फुटू लागले, मालक बोलू लागला. मग थोरला मालकाच्या मागे लागला, "त्याला परत द्या. हात विसरत नसतो." मालकाने एकदा करून बघू म्हटलं.

सगळी भट्टी बघायला थांबली. धाकट्याने नळी उचलली, तोलली, अंगठा जागेवर बसला. थोरल्याचा जीव भांड्यात पडला. तो नेहमीसारखा भावाच्या उजव्या हाताला उभा होता. धाकटा पुढे झुकला आणि नळी घातली, ती भट्टीच्या तोंडात न जाता वीतभर अलीकडे, कडेच्या विटेवर खणकन आदळली. त्याने पुन्हा घातली. पुन्हा वीट. एका डोळ्याला ते अंतर उमगत नव्हतं.

आणि कुणीतरी हसलं. मोठ्याने, खदाखदा, चुकणाऱ्याला हसायच्या जुन्या सवयीने. बाकी कुणाच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. तोतरा तर खाली बघत होता.

धाकट्याने नळी खाली ठेवली. हसणारा त्याच्या उजवीकडे होता, म्हणून तो कोण हे बघायला त्याला पुरती मान वळवावी लागली.