नमुन्यात आलेलं नाव

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला मी मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी विषय घेतला तो 'विवाहित तरुण स्त्रियांची निर्णयक्षमता'. विषय माझा मी निवडला होता. त्या वर्षात मी स्वतः निवडलेली दुसरी गोष्ट मला आठवत नाही. वडील दौंडला रेल्वेत होते आणि त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं, "उन्हाळ्याच्या आत पूर्ण झालं तर पुढं शीक. नाहीतर स्थळ आलेलंच आहे." स्थळ खरंच आलेलं होतं, आणि त्यांच्याकडून सारखे निरोप येत होते. त्यामुळे माझा सगळा जीव त्या प्रबंधात अडकला होता.

मार्गदर्शक बाई पुण्याच्या, भलत्याच कडक. गावातल्या सुनांच्या नावांच्या चिठ्ठ्या करायच्या, उचलायच्या आणि जिची चिठ्ठी निघेल तिलाच विचारायचं. ती नसेल तर शेजारची चालणार नाही. "सोयीच्या बायका गोळा केल्यास तर ते संशोधन नव्हे, हळदीकुंकू झालं," असं त्या म्हणायच्या. दुसरा नियम संमतीचा. प्रत्येकीला एकटीला गाठून तिला स्वतःला विचारायचं आणि हो म्हणाली तर तिची सही घ्यायची. ती नाही म्हणाली तर मुकाट्यानं उठायचं, कारणसुद्धा विचारायचं नाही. वर्गात बसून हे ऐकताना मला फार उदात्त वाटलं होतं.

गाव होतं न्हावरे. दौंडहून चौफुल्याला जायचं, तिथून शिरूरची एसटी धरायची. पहिल्याच घरी ओट्यावर सासरे बसले होते. मी पाठ करून आलेलं वाक्य टाकलं, "आबा, तुमच्या सूनबाईंचं नाव आमच्या नमुन्यात आलंय. त्यांची फक्त एक सही पाहिजे."

आबांच्या हातातला अडकित्ता थांबला. "कुठल्या नमुन्यात? सातच्या का आठ-अच्या?"

मला काही बोध होईना. आमच्या पुस्तकात नमुना म्हणजे अभ्यासासाठी निवडलेली माणसं. न्हावऱ्यात नमुना म्हणजे तलाठ्याचा, जमिनीचा. सुनेचं नाव नमुन्यात आलं आणि वर तिची सही पाहिजे, याचा तिथं एकच अर्थ होत होता.

"कुनी घातलं तिचं नाव?" आबा उभेच राहिले. "आमी जित्तं हाय अजून! सुनंच्या नावावर गुंठा बी चढायचा न्हाई, सांगून ठिवतो!"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की दौंडची एक पोरगी सुनांची नावं सातबाऱ्यावर लावत फिरतेय. मग मी ज्या दारात जाईन तिथली सून एकतर रानात गेलेली असायची, नाहीतर माहेरी. आत बांगड्या वाजत असायच्या आणि दारातून सासू सांगायची, "न्हाई ओ, घरात कुनीच न्हाई." परतीच्या एसटीत मी खिडकीकडं तोंड करून रडायची. एका शब्दापायी माझं शिक्षण बुडणार, याचा इतका संताप यायचा की ज्यानं कुणी 'सॅम्पल'ला 'नमुना' म्हटलं त्याचा गळा धरावासा वाटायचा. खरा नमुना मीच, असंही वाटायचं.

मग मी तो शब्दच टाकून दिला. "चार गोष्टी विचारायच्यात," एवढंच म्हणू लागले. दारं हळूहळू उघडली. बाईंनी ठरवून दिलेल्या संख्येला शेवटी एकच सून कमी पडली, ती आबांची. संख्या भरल्याशिवाय प्रबंध घेणार नाही आणि तिच्याऐवजी दुसरी चिठ्ठीही उचलायची नाही, असं बाईंनी बजावलं होतं, आणि उन्हाळा तर तोंडावर आला होता.

मी जीव मुठीत धरून गेले. आबा मात्र खुशीत होते. मधल्या काळात तलाठ्याकडं जाऊन ते सगळं तपासून आले होते. जमीन जागच्या जागी होती. "या ताई, या," म्हणाले आणि आत हाक दिली, "सूनबाई, ह्या काय इचारतील त्याला व्हय म्हन!"

आत ती कांदे निवडत होती. माझ्याच वयाची. मी समोर बसले आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवलं. बोलायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवायचं. नाही म्हणालात तरी चालेल.

तिचे हात थांबले. "न्हाई म्हनलं तर चालतं?"

"चालतं."

"का म्हून कुनी इचारनार न्हाई?"

"नाही विचारणार."

"आन् मामंजींना कळंल?"

"मी नाही सांगणार."

ती हसली. "मंग न्हाई," म्हणाली. त्यात राग नव्हता, माझ्याबद्दल काही नव्हतंच. नवं लुगडं अंगाला लावून बघावं तसा तिनं तो शब्द पुन्हा एकदा म्हणून बघितला. "न्हाई."

मी वही मिटली आणि उठले. बाहेर आबा बसले होते. "ती नको म्हणतेय," एवढं मी ओट्यावर बोलले असते, तर पुढच्या मिनिटाला तिनं सगळ्या प्रश्नांना व्हय म्हटलं असतं आणि माझं वर्ष वाचलं असतं. मला तो मोह झाला. फार झाला.

"झालं का समदं?" आबांनी विचारलं.

"झालं, आबा," मी म्हणाले आणि एसटीच्या थांब्याकडं चालू लागले.

घरी वडिलांनी हेच विचारलं. त्यांना मात्र नाही म्हणावं लागलं. दुसऱ्याच आठवड्यात स्थळाची माणसं आली. मी पोहे दिले, पाटावर बसले. त्यांनी माझं नाव विचारलं, शिक्षण विचारलं, स्वयंपाक येतो का विचारलं. मी प्रत्येक प्रश्नाची वाट बघत होते. मनात तिचा शब्द तयार ठेवला होता, तिनं म्हटला होता तसाच. तो जिथं म्हणता आला असता तो प्रश्न काही आला नाही. पाहुणे उठले, वडिलांनी मला आत जायला सांगितलं, आणि बाहेर तारीख ठरली.