दहा गरिबांचा एक श्रीमंत

सुमतीताई म्हात्रे यांना मी पहिल्यांदा पाहिलं, ते भांडताना! नव्वदच्या दशकात जूचंद्रला आमच्या चाळीसमोर ‘वीज वाचवा’ म्हणून सभा भरली होती. वीज कार्यालयाचे साहेब सांगत होते, “गरज नसलेले दिवे बंद करा.” माझी आई उठली. “आमचे घरान येकूच दिवा हाय. त्यो पन इजवू काय?” समोरच्या इमारतीतली मंडळी हसली. सांडोरहून आलेल्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या ताई ताडकन उभ्या राहिल्या. “हसताय कुणाला? लाज नाही वाटत?”

त्यांचा संताप रास्तच होता. जास्त वीज वापरणाऱ्यानं चढा दर भरावा, हा नियम ऐकायला छान. पण आमच्या दहा खोल्यांना मालकाच्या नावचं एकच मीटर. दहा गरिबांचे युनिट एकत्र मोजले, की कागदावर एक श्रीमंत तयार! समोर घरटी वेगळं मीटर, म्हणून फ्रीजवाल्यांना स्वस्त वीज, आमच्या एका दिव्याला महाग. आणि काटकसरीचे धडे कुणाला? तर आम्हालाच!

पैसे थकले की मालक खोलीची वायर काढायचा. बहिणीच्या दहावीच्या वर्षी आमची काढली. ताईंनी तिला परीक्षेपर्यंत स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, सकाळ-संध्याकाळ जेवू घातलं आणि त्याबद्दल पुन्हा कधी चकार शब्द काढला नाही.

आईनं वेगळ्या मीटरसाठी अर्ज केला, तर साहेब म्हणाले, “मालकांची संमती आणा.” मालक कसली देतो, कपाळ! शेवटी ताई साहेबांनाच चाळीत घेऊन आल्या. प्रत्येक खोलीत नेलं. “यातला श्रीमंत कोण, तेवढं बोट करून दाखवा.” साहेबांनी संमतीशिवायच अर्ज ठेवून घेतला. तरीही मीटरसाठी ताईंना वर्षभर चपला झिजवाव्या लागल्या.

आईच्या नावाचं पहिलं बिल आलं. एवढंसं. वाटलं, ती खूश होईल. ती भडकलीच. “म्हंजे इतकी वर्सं आमाला लुटत व्हते?” ताई म्हणाल्या, “आता कसं! चला, पलीकडच्या चाळीत हेच सांगा.”

आज ताई पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. आता म्हणे वीज बनवताना निघणाऱ्या कोळशाच्या धुरावर सरकार कर बसवणार. धूर कुणाच्या चैनीचा आणि भुर्दंड कुणाला, हे खडसावून विचारायला ताई हव्यात. ताई, तुम्हाला निरोगी, धडधाकट दीर्घायुष्य लाभो. गुडघे तेवढे सांभाळा. एका मीटरच्या चाळी अजून पुष्कळ आहेत, आणि आई चपला घालून तयार आहे.