दवाखान्यात नवरा हजर

आता कुठून सुरुवात करू? हसा हवं तर, पण चहा सांडू नका!

पिंपरीच्या कारखान्यात मी नवीनच लागलो होतो. लग्नही नवीनच. बायको शेवंता, चाकणकडची. त्या काळी सातवी पास झालं की मास्तरकी मिळायची; ती परीक्षा देऊन मास्तरीण व्हायचं तिच्या फार मनात. आणि एकाएकी ती वरचेवर दवाखान्यात जायला लागली. विचारलं तर म्हणे, "डोकं दुखतंय."

डोकं दुखणारी बाई दवाखान्यातून हसत येते का हो?

वर कौतुक! "त्ये कंपाउंडर लई चांगलं हायेत. किती समजून बोलत्यात!"

झालं! कंपाउंडर म्हणजे इस्त्रीचा शर्ट आणि केसांचा झकास कोंबडा. मी म्हणजे अंगभर ऑइल. आरशापुढे मीही कोंबडा काढून पाहिला, बसेचना! जळत होतो हो मी, खरंच जळत होतो.

शेवटी कामावर खाडा केला आणि निघालो तिच्या मागोमाग. शेवंता आतल्या खोलीत गेली. मी तोंडाला मफलर गुंडाळून दाराला कान लावणार, तोच मागून नर्सबाई!

"काय होतंय तुला?"

काय सांगणार? म्हटलं, "जरा... खाजगी आहे."

"खाजगी?" बाईंचा आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा. "म्हणून तोंड झाकलंस? वय काय तुझं आणि हे धंदे! कुठे गेला होतास?"

"कुठंच नाही हो बाई!"

"सगळे हेच म्हणतात. लग्न झालंय?"

"झालंय."

"अरे देवा! त्या बिचाऱ्या पोरीचं काय?"

बाकावरच्या बाया पदर सावरून लांब सरकल्या. त्यांत आमच्या फोरमनची आई! मेलोच की मी.

गलका ऐकून शेवंता बाहेर आली. "अगं बया! आवो, तुमी?"

"हा तुझा नवरा?" बाई एकदम मऊ झाल्या. "मग आधी नाही का सांगायचं! या, बसा."

तेव्हा कुठे उलगडा झाला. परीक्षा होईपर्यंत मूल नको, त्यावर काही उपाय असतो का, एवढंच शेवंता विचारायला जायची. बाई दर वेळी झापायच्या, "पहिलं होऊ दे, मग बघू! एवढीच घाई असेल तर नवऱ्याला आण."

आता नवरा आला होता. बाईंनी सगळं नीट समजावलं, पण मला! शेवंता आपली दाराशी उभी. मी घामानं निथळतोय, आणि काय विचारायचं ते तीच मागून मला सांगतेय.

परतताना मी चिडलो. "मला सांगायचं की! आलो नसतो का?"

"लाज वाटायची. मग कंपाउंडरनाच इचारलं, मालकांना आणू कसं?"

"काय म्हणाला तो?"

"त्ये म्हनले, वहिनी, त्येंना काई सांगू नका. घरी निस्ती माझी तारीफ करा, पळत येत्याल."